हवामानाच्या रकान्यात वाऱ्यालाही जागा द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील हवामानाच्या रकान्यात बेळगावचे कमाल व किमान तापमान असते, झालेला पाऊस मिलिमीटरमध्ये असतो आणि पावसाळ्यात राकसकोप, हिडकल व सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ या जलाशयांतील पाणीसाठाही असतो. वारा मात्र नसतो. तो कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि दिवसाच्या कोणत्या वेळी वाहणार आहे, हेही त्या रकान्यात नियमितपणे यावे, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग (शीड लावलेल्या फळीवर उभे राहून पाण्यावरून जाणे) आणि शिडाची होडी चालवायला शिकून आलेले बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातील आम्ही काही जण पाटबंधारे खात्याची परवानगी मिळेल तेव्हा जलाशयावर उतरतो. आमच्या फळीला इंजिन नसते. असतो तो वारा आणि त्याच्या बेताने निवडलेले शीड. वाऱ्याचा वेग आम्ही नॉटमध्ये मोजतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. वारा १२ ते १५ नॉटचा असेल तर साधारण सहा-सात चौरस मीटरचे शीड लागते, तोच २० ते २५ नॉटवर गेला तर साडेचार-पाचचे पुरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे सकाळी घरून निघताना बांधून नेलेले शीड चुकले तर दिवस वाया जातो, आणि मोठे शीड घेऊन पाण्यात गेल्यावर वारा वाढला तर जिवावर बेतते. तापमानाच्या आकड्यावरून यातले काहीच ठरवता येत नाही.

आपल्या भागातील वाऱ्याचे वर्ष तसे ठरलेले आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्वेचा कोरडा वारा असतो. पहाटे तो जमिनीलगत जवळजवळ नसतोच, ऊन वर आल्यावर जोर धरतो आणि दुपारनंतर ओसरतो. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी वारा दिशा बदलत राहतो, कधी पडतो, कधी भोवरे उठवतो. मग दिवस कलल्यावर समुद्रावरची गार हवा घाट चढून वर येते. हा पश्चिमेचा वारा आधी जांबोटी-कणकुंबीकडे लागतो, मग बेळगाव शहरात जाणवतो आणि हुक्केरी-गोकाककडे त्याहून उशिरा पोहोचतो. तो किती वाजता पोहोचेल हाच आमच्या दृष्टीने कळीचा प्रश्न असतो, कारण अंधार पडण्याआधी हाती फार वेळ उरत नाही.

मृग लागला की चित्र पालटते. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून एक वेगवान प्रवाह द्वीपकल्प ओलांडून जाऊ लागतो. १९६६ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी त्याचे अस्तित्व दाखवून दिले, आणि जुलैमध्ये त्याचा वेग पुष्कळदा ४० नॉटच्या वर जातो. बेळगावचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्यामुळे किनारपट्टीच्या मानाने आपण या प्रवाहाच्या बरेच जवळ आहोत. ढगांत फट पडून दुपारी जमीन थोडी तापली की वरचा वेग खाली उतरतो आणि जलाशयावर पांढरा फेस दिसू लागतो. झड लागली असेल तर त्याच वाऱ्याला एवढा जोर राहत नाही. सुमारे दीडशे किलोमीटरच्या टापूत कणकुंबीची मुसळधार आणि अथणीचा अवर्षणग्रस्त माळ असे दोन्ही ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे सगळ्या तालुक्यांना एकच अंदाज लागू पडणार नाही, हे वेगळे सांगायला नको. सौंदत्ती, यरगट्टीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. पाऊस कमी आणि वारा भरपूर असा तो पट्टा आहे, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, पाणी भरलेले आणि पश्चिमेचा वारा टिकून असताना, आमच्या खेळासाठी त्यासारखी जागा नाही. ऑक्टोबरमध्ये जलाशय भरलेला असतो, पण वारा पडतो.

जुलै-ऑगस्टमध्ये वारा उत्तम असतो म्हणून कोणी कृष्णा, दूधगंगा किंवा वेदगंगेच्या पात्रात उतरावे, असे मला चुकूनही सुचवायचे नाही. २०१९ चा महापूर या काठाने भोगलेला आहे. पुराच्या पाण्यात झाडे, तारा आणि विहिरींचे कठडे दिसत नाहीत, आणि तेथे कोणतेही शीड कामाचे नाही. वाऱ्याचा अंदाज छापताना नदीपात्राला पूर किंवा विसर्ग असेल तर तेथे उतरू नये, ही सूचना त्याच ओळीत असावी.

नदीवरच्या वाऱ्याच्या खेळासाठी जगभर प्रसिद्ध असलेली जागा म्हणजे अमेरिकेतील ओरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या सीमेवरची कोलंबिया नदीची घळ. कॅस्केड पर्वतरांग भेदून जाणारी ही घळ सुमारे १३० किलोमीटर लांब आहे आणि तिचा तळ जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. उन्हाळ्यात पर्वताच्या पश्चिमेला समुद्रावरची थंड, जड हवा असते आणि पूर्वेकडचा कोरडा प्रदेश तापून तेथील दाब उतरतो, त्यामुळे हवेला जायला ही एकच सखल वाट उरते आणि ती तेथून जोराने वाहते. हूड रिव्हर हे तेथले गाव १९८० च्या दशकापासून विंडसर्फिंगचे केंद्र झाले आहे. तेथील अंदाजकर्ते पश्चिमेचे पोर्टलंड आणि पूर्वेचे द डॅल्स यांच्या हवेच्या दाबातला फरक मिलिबारमध्ये पाहतात. फरक वाढला की वारा वाढणार. समुद्रावरून येणाऱ्या ढगांचा थर किती जाड आहे हेही ते पाहतात, कारण त्यावरून घळीच्या पश्चिम टोकाला वारा चांगला की पूर्व टोकाला, हे ठरते. नदीच्या टप्प्याटप्प्याचा, सकाळचा वेगळा आणि दुपारचा वेगळा असा अंदाज तेथे मिळतो आणि लोक त्यावर विसंबून शीड निवडतात.

तेथली माहिती वाचून आपल्याकडे तसेच वागायला जाणे मात्र धोक्याचे आहे. कोलंबिया नदी पश्चिमेला समुद्राकडे वाहते आणि उन्हाळी वारा पश्चिमेकडून पूर्वेला, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध वाहतो. त्यामुळे लाटा उंच उठतात आणि खेळणारा वाऱ्याबरोबर खाली गेला तरी नदीचा प्रवाह त्याला निघालेल्या जागेकडे ओढून आणतो. आपल्या नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला जातात. घटप्रभेवर पश्चिमेचा वारा आणि पाण्याचा ओढा दोन्ही एकाच दिशेने नेतात आणि हिडकलच्या फुगवट्यावर ती दिशा धरणाच्या भिंतीची असते. शीड मोडले, दोर तुटला किंवा हात थकले, तर माणूस आपोआप परत येत नाही, तो भिंतीकडे आणि दारांकडे जातो. म्हणून वारा किती आहे याइतकेच तो कोणत्या काठाकडे ढकलणार आहे हे आधी कळणे आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. मे महिन्यात पाणी उतरून हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते, तेव्हा पाण्याखालच्या जुन्या भिंती आणि दगडही वर आलेले असतात, आणि फळीखालचे पाते त्यांत अडकते. पाणीसाठा आपण पावसाळ्यात छापताच, तो उन्हाळ्यातही वाऱ्याच्या अंदाजाशेजारी यावा. त्या दोन आकड्यांचा एकत्र विचार करता आला तर वाचकाला फार मोठी मदत होईल.

मोबाइलवरच्या ॲपमध्ये वारा दिसतो, मग वर्तमानपत्रात कशाला, असे कोणी म्हणेल. ती ॲप बहुधा जागतिक संगणकीय प्रारूपांवर चालतात आणि त्यांच्या गणिताची एकेक चौकट ९ ते २५ किलोमीटरची असते. तेवढ्या चौकटीत चोर्ल्याचा कडा, त्यामागचे पठार आणि मधली दरी यांची सरासरी होऊन जाते. भारत हवामानशास्त्र विभागाने मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकटीची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू केली, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही आकडा आपल्या पाण्यावर कसा उतरतो हे पाहणारे माणूस जवळचेच लागते. दुसरे असे की बेळगाव जिल्ह्याचा अंदाज बंगळूरच्या केंद्राकडून येतो, तर कोल्हापूरहून येणाऱ्या मराठी वृत्तपत्रांत अंदाज कोल्हापूरपर्यंतचा असतो. दूधगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या काठावर वारा एकच असतो, पण इकडच्या मराठी वाचकाला तो आपल्या भाषेत कोठेच वाचायला मिळत नाही. ही उणीव आपले दैनिक भरून काढू शकेल.

सगळ्यांत जास्त काळजी वळवाची वाटते. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर ढग पुष्कळदा पूर्वेकडून चढतात, आणि त्या वेळी पश्चिमेचा वारा छान चालू असल्यामुळे पाण्यावर असलेल्याचे तिकडे लक्ष नसते. आधी वारा अचानक पडतो. शीड लोंबते, फळी जागच्या जागी डुलू लागते आणि पाणी गुळगुळीत होते. मग पलीकडच्या काठावरून धुळीचा तांबूस पडदा उठलेला दिसतो आणि त्याच्या खाली पाण्यावरून एक काळपट पट्टा झपाट्याने सरकत येतो. तो पट्टा म्हणजे ढगातून कोसळून जमिनीवर पसरलेली गार हवा. तो येऊन पोहोचेपर्यंत हाती दोन-चार मिनिटेच असतात, वाऱ्याची दिशा पुरती उलटते आणि पावसाचा थेंबही पडण्याआधी झोत सोसाट्याचा होतो. हवामान विभागाच्या इशाऱ्यात 'ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे' असे शब्द येतात तेव्हा बहुतेकांना ते नेहमीचे वाटतात. पाण्यावरच्या माणसासाठी त्याचा अर्थ १६ ते २२ नॉटचा, तोही उलट दिशेचा वारा, असा आहे. त्यात विजा असतात, आणि आमच्या शिडाची उभी काठी बहुधा कार्बन तंतूची असते. उघड्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू तीच असते. अशा वेळी ढग दिसताच, वारा पडण्याची वाट न पाहता काठ गाठणे हाच एक उपाय आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप विजांसाठी उपयोगी पडते, ते प्रत्येकाने जवळ ठेवावे.

लागणारी सामग्री नव्याने उभी करायची नाही. सांबरा विमानतळावर वाऱ्याची दिशा आणि वेग नोंदवला जातो. तेथील धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, त्यावरूनच आपल्याकडे वारा कोणत्या अक्षाने वाहतो हे लक्षात यावे. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची स्वयंचलित हवामान केंद्रे होबळी (तालुक्याखालचा महसुली विभाग) पातळीवर बसवलेली आहेत. पणजीच्या डॉप्लर रडारच्या टप्प्यात आपला भाग येतो. पणजी आणि विजापूर येथील समुद्रसपाटीला आणलेला (म्हणजे ठिकाणांच्या उंचीतला फरक काढून टाकलेला) हवेचा दाब शेजारी शेजारी छापला, तरी उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या वाऱ्याचा अंदाज बांधायला अभ्यासूंना आधार मिळेल. आपल्याकडे कोलंबियासारखी सखल घळ नाही, सह्याद्रीचा कडा मध्ये आहे, त्यामुळे तेथले गणित जसेच्या तसे लागू होणार नाही. पण वर्षभराच्या नोंदी जमल्या तर येथले प्रमाण येथेच काढता येईल.

रकान्यात फार जागा लागणार नाही. 'हिडकल : सकाळी वारा मंद, दुपारी १ ते ५ पश्चिमेचा, ताशी २० ते २५ किलोमीटर, झोत ३५ पर्यंत, सायंकाळी पूर्वेकडून वळवाची शक्यता' अशा धर्तीची एक ओळ हिडकलसाठी, एक सौंदत्तीच्या जलाशयासाठी आणि एक चिकोडी-अथणीच्या कृष्णाकाठासाठी पुरेशी आहे. सरासरी वेग आणि झोत हे दोन आकडे वेगवेगळे द्यावेत, एवढा आग्रह मात्र धरतो. सरासरीवर शीड निवडले जाते आणि अपघात झोताने होतात. आम्ही थोडेच लोक हा खेळ खेळतो, पण जलाशयात लहान होडकी घालणाऱ्या मासेमाऱ्यांना हीच ओळ आमच्याइतकीच उपयोगाची आहे. फवारणीचा दिवस ठरवणाऱ्या शेतकऱ्यालाही ती हवी असते, आणि उंच वाढलेला ऊस लोळेल की काय या काळजीत असलेल्या बागायतदारालाही.

आपण हे सुरू करणार असाल तर वळवाच्या आधी, मार्चमध्ये सुरू करावे. आमच्यापैकी जो कोणी जलाशयावर जाईल तो हातातल्या वेगमापकावर घेतलेली नोंद, वेळ आणि जागेसह, त्याच संध्याकाळी आपल्या कार्यालयाकडे पाठवील. छापलेला अंदाज आणि प्रत्यक्ष वारा यांत किती अंतर पडले, हेही त्यावरून आपल्याला पडताळता येईल.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक, बेळगाव