सायकलला दीड मीटर जागा द्या

मा. संपादक, स. न.

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे, आणि आज सातारा रोडला सायकल घेऊन निघालं की ट्रॅकवर बाइक लावलेल्या, पुढे हातगाडी, मग मेन रोडला यावंच लागतं आणि मागून कारवाले हॉर्न देतात की ट्रॅक सोडून इथे कशाला. ओव्हरटेक तर इतक्या जवळून की आरसा कोपराला लागतो. जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलला ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर अंतर सोडावंच लागतं, गावाबाहेर दोन मीटर. आपल्याकडेही असा आकडा ठरवून दंड लावा ना.

दुसरं म्हणजे उभ्या गाडीचं दार, याची भीती सगळ्यात जास्त. ड्रायव्हरने उजवं दार डाव्या हाताने उघडलं की अंग आपोआप वळतं आणि मागची सायकल दिसते, एवढी साधी गोष्ट आहे.

सायकलवाल्यांनीही रात्री लाइट आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावावा, राँग साइडने येऊ नये. क्लासची मुलं कानात इअरफोन घालून चालवतात ते बघून पोटात गोळा येतो, आईवडिलांनी बोलायला हवं. आणि शाळा सुटायच्या वेळेला तरी ट्रॅकवरच्या गाड्या उचला.

– एक सायकलस्वार, धनकवडी, पुणे