श्पालिकोव यांचे विस्मरण

महोदय,

रशियन चित्रपटांविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा चर्चा दिग्दर्शकांचीच होते आणि गेन्नादी श्पालिकोव यांच्यासारखा पटकथाकार अनुल्लेखित राहतो, याचे वाईट वाटते. १९३७ मध्ये जन्मलेल्या श्पालिकोव यांचे वडील लष्करी अभियंता होते व दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. दिग्दर्शक मार्लेन खुत्सिएव यांच्यासह लिहिलेल्या पटकथेत युद्धात मारला गेलेला पिता तरुण मुलासमोर येतो. 'मी कसे जगू?' या प्रश्नावर तो मुलाचे वय विचारतो आणि मुलगा आपल्याहून दोन वर्षांनी मोठा आहे हे कळताच सल्ला देऊ शकत नाही. युद्धाने पोरक्या केलेल्या पिढीविषयी इतके प्रामाणिक लेखन मला क्वचितच आढळले. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी मात्र १९६३ मध्ये याच प्रसंगावर जाहीर टीका केली आणि बरेच फेरफार होऊन चित्रपट १९६५ मध्ये 'मी वीस वर्षांचा आहे' या नावाने प्रदर्शित झाला. पुढे श्पालिकोव यांच्या बहुतेक पटकथा पडद्यावर आल्याच नाहीत. १९७४ मध्ये, ३७व्या वर्षी, त्यांनी आत्महत्या केली. आपल्या रविवार पुरवणीने पटकथाकारांवर लेखमाला सुरू करावी व तीत श्पालिकोव यांना स्थान द्यावे, ही विनंती.

– एक वाचक