किल्ली कोणाकडे असते?

सोलापूर, रविवार

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घरात आत्याशी कोणी नीट बोललेले नाही. ‘आमची रोहिणी रिमांडला लागली’ असे ती शेजारच्या काकूंना म्हणाली आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. तू तसे उठायला नको होतेस, पण तुला काय लागले ते मला कळले. ते रिमांड होम नव्हे, निरीक्षणगृह आहे, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवायची जागा; तू तेथे मुलांची माहिती घेऊन अहवाल देणारी परिविक्षा अधिकारी आहेस आणि तेथील मुलांना कोणी आरोपी म्हणायचे नसते, हे मी तिला नंतर समजावून सांगितले. सगळे ऐकून घेऊन ती एवढेच म्हणाली, ‘पण वहिनी, रात्री कुलूप लागते ना?’ यावर मला उत्तर देता आले नाही. पहिले काही महिने आवारातच राहावे लागेल असे तू म्हणालीस, तेव्हा रात्री त्या दाराची किल्ली कोणाकडे असते आणि तुझी खोली दाराच्या कोणत्या बाजूला आहे, हे मला कळव.

शब्द बदलून काय होते, असे मी कधीच म्हणणार नाही. माझी सारी नोकरी न्यायालयात गेली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या मूलतत्त्वांतच लिहिले आहे की मुलाविषयी दोषारोपाची भाषा वापरू नये, आणि मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवण्यास त्याच कायद्याने मनाई केली आहे. गुन्ह्याचा आळ आलेल्या मुलासाठीचा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द उच्चारायला अवघड असला तरी तो घडवणाऱ्याच्या मनात कळवळा होता. तुझ्या हाताखालची माणसे मात्र ‘आत टाकलेली पोरे’ म्हणतील आणि दोन वर्षांनी तेच तुझ्याही तोंडी बसेल. तसे होऊ देऊ नकोस. प्रत्येक मुलाला नावाने हाक मार, बाल न्याय मंडळापुढे जाणारा अहवाल स्वतः लिही आणि मागच्या अहवालातील वाक्ये उचलू नकोस. पाहा, पुन्हा उपदेश सुरू झाला; तुला हे सारे शिकवून पाठवले आहे हे मी विसरते, त्याबद्दल राग मानू नकोस.

एक म्हातारी मला अजून आठवते. तिच्या नातवाला ‘न्यायालयीन कोठडी’ सुनावली होती. बाकीची माणसे पांगली, तरी ती डबा घेऊन आमच्या इमारतीतच खोल्या शोधत फिरत होती, कारण न्यायालयाची कोठडी न्यायालयातच असणार असे तिला वाटले. आमच्यासाठी तो ‘एमसीआर’ होता, म्हणजे मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड. रोजनाम्यात एक ओळ लिहिली की आम्ही पुढचे प्रकरण हाती घेत असू. नातू तुरुंगात गेला आहे, हे तिला जिन्याखाली बसवून मला सांगावे लागले. निकाल लागेपर्यंत अशा माणसाला ‘कच्चा कैदी’ म्हणतात आणि आपल्या देशातील तुरुंगांत चारांपैकी सुमारे तीन माणसे अशी कच्चीच आहेत. त्यांच्या दाराचे कुलूप मात्र पक्क्या कैद्याच्या दाराइतकेच घट्ट असते.

तुझ्या पणजीचे तर तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरवले आणि पुढे त्यांना ठेवण्यासाठी ज्या जागा केल्या, त्यांना सरकारने सेटलमेंट म्हणजे वसाहत असे नाव दिले. सोलापुरातील त्या भागाला अजूनही लोक सेटलमेंटच म्हणतात. भोवती तारेचे कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायला परवाना आणि दिवसा गिरणीत काम. सरकारच्या कागदात हे सारे सुधारणेसाठी होते. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, त्या जागेला कधीच सेटलमेंट म्हणाली नाही. ती ‘तारेत’ म्हणे. ‘तारेत असताना तुझा बा झाला,’ असे ती सांगायची. देश स्वतंत्र झाल्यावरही ५ वर्षे आणि १६ दिवसांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. ज्या घरातील माणसांची रोज हजेरी घेतली जात होती, त्या घरातील मुलगी आता सरकारी वहीत हजेरी घेणार, याचा मला किती अभिमान आहे ते मी आत्याला सांगू शकत नाही, आणि तुझ्या बाबांच्या फोटोपुढे उभी राहून रोज सांगते. पण त्याच वेळी पोटात गोळाही येतो, कारण किल्ली ज्याच्या कमरेला असते त्या माणसाविषयी आजीच्या तोंडून मी एकही चांगला शब्द ऐकलेला नाही.

गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला पत्रे लिहिली, तेव्हा त्या जागेला ते ‘येरवडा मंदिर’ म्हणत. त्याच येरवड्यात १२ जानेवारी १९३१ रोजी आपल्या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी दिले. जो आत बसला आहे त्याने त्या जागेला मंदिर म्हणावे, तो त्याचा मोठेपणा झाला. दारावर उभा असलेल्याने तसे म्हणू नये असे मला वाटते. म्हणून तेथे कोणी ‘मुले येथे अगदी घरच्यासारखी राहतात’ असे म्हणाले, तर लगेच मान डोलवू नकोस. मुलांना विचार, ती त्या जागेला काय म्हणतात. आजीप्रमाणे त्यांचाही एखादा शब्द असेल.

भीती वाटते ती तुझ्यासाठीही आहे, ते लपवून काय उपयोग? रात्री आरडाओरडा झाला तर एकटी आत धावू नकोस, पहारेकऱ्याला आणि अधीक्षकांना बोलाव. दार बाहेरून बंद असेल आणि आतल्या मुलाला मध्यरात्री फेफरे आले किंवा वायरिंगने पेट घेतला, तर ते किती वेळात उघडते, हे रुजू होतानाच पाहून घे. किल्ली एकाच माणसाकडे असेल आणि तो चहाला बाहेर जात असेल, तर दुसरी किल्ली मिळावी म्हणून लेखी अर्ज कर, त्याची पोच घे आणि एक प्रत मला पाठव. भाषा मी तपासून देईन.

तुझी
आई