पावसाळ्यात आवर्जून पाहावेत असे जुने भयपट

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला भयपटांवरचा लेख वाचला. यादीतले जवळजवळ सगळे चित्रपट गेल्या दहा-बारा वर्षांतले आहेत. त्यातले काही चांगलेही आहेत. पण ज्या कोल्हापुरात मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार केला, तिथल्या वाचकांसमोर भयपटांची यादी ठेवताना त्यात जुना ‘महल’सुद्धा असू नये, याचं मनापासून वाईट वाटलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हे जुने चित्रपट कोणी सांगितलेच नाहीत तर त्यांना ते कळणार कसे?

बाबूरावांचं नाव मी उगाच घेतलेलं नाही. त्यांच्या ‘सावकारी पाश’मध्ये (1925) एका उदास झोपडीचं दृश्य होतं. अगदी मंद उजेडात चित्रित केलेलं, आणि तिथे रडणारं कुत्रं. चित्रपट मूक होता, तरी ते कुत्र्याचं रडणं चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या कायम लक्षात राहिलं. ‘सावकारी पाश’ काही भुताचा चित्रपट नव्हे, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. पण अंधार कसा वापरायचा आणि न ऐकू येणारा आवाजही प्रेक्षकाच्या कानात कसा उभा करायचा, हे कोल्हापूरच्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी साधलं होतं.

आता ‘महल’ (1949). कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट, निर्मिती बॉम्बे टॉकीजची. अशोककुमार एका ओस वाड्यात राहायला येतो आणि भिंतीवरच्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. पुढचं सांगत नाही. माझ्या भाचीला मी हा चित्रपट दाखवला तेव्हा सुरुवातीला ती म्हणाली, ‘मावशी, यात काही घडतच नाही गं.’ मग घड्याळाचे ठोके पडले, ‘आयेगा आनेवाला’ सुरू झालं आणि तिने हातातला मोबाइल बाजूला ठेवला. त्या गाण्याची सुरुवात नीट ऐका. आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ सरकतो. तेव्हा आजच्यासारखी ध्वनियंत्रणा नव्हती, म्हणून लताबाई मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गात गात जवळ आल्या होत्या. खेमचंद प्रकाश यांचं संगीत आणि योझेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाची प्रकाशयोजना यांनी अर्धी गोष्ट सांगून टाकली आहे. मधुबाला तर किती तरी वेळ नुसती सावली, झोपाळा आणि आवाज, एवढीच असते.

त्या काळच्या हिंदी भयपटांत भूत आधी ऐकू येतं, मग दिसतं. ‘बीस साल बाद’मधलं (1962) ‘कहीं दीप जले कहीं दिल’ घ्या, किंवा राज खोसलांच्या ‘वह कौन थी’मधलं (1964) ‘नैना बरसे रिमझिम’. गाणं म्हणजे मध्यंतरीची करमणूक नव्हे, नायकाला ओढून नेणारी तीच शक्ती. म्हणून टीव्हीवर वेळ वाचवण्यासाठी गाण्यांना कात्री लावतात तेव्हा मला फार राग येतो. गाणं काढल्यावर या चित्रपटांत भूतच उरत नाही.

‘बीस साल बाद’चे दिग्दर्शक बिरेन नाग मूळचे कला-दिग्दर्शक. त्यांच्या ‘कोहरा’त (1964) ते अधिक जाणवतं. जिने, पडदे, बंद खोल्या, सगळं घरच नव्या सुनेच्या अंगावर येतं. मूळ कथा दाफ्ने द्यू मोरिए यांची, त्यावर हिचकॉकने 1940 मध्ये ‘रेबेका’ केला होता. हिचकॉकचा चित्रपट थोर आहेच. पण ‘कोहरा’मधल्या ललिता पवार मला त्यातल्या घरकारभारणीपेक्षा जास्त भिववतात. त्या फक्त दारात उभ्या असतात, तरी वहिदा रेहमानइतकेच आपणही गोठतो.

बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ (1958) बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण गाण्यांसाठी. तो एकदा त्यातल्या पावसासाठी आणि धुक्यासाठी पाहा. डोंगरातलं मूळ चित्रीकरण बरंचसं खराब झालं, तेव्हा इगतपुरीकडे नकली पाइन वृक्ष उभे करून दृश्यं पुन्हा घेतली गेली. पडद्यावर ते कुठेही कळत नाही.

मराठीत ‘पाठलाग’ (1964) आहे. दिग्दर्शक राजा परांजपे. बायकोचा मृत्यू स्वतः पाहिलेल्या माणसासमोर एक आरोपी बाई उभी राहते आणि म्हणते, मीच तुमची बायको. याच चित्रपटावरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. ‘मेरा साया’ सगळ्यांना ठाऊक, ‘पाठलाग’ मात्र आपल्याच घरात परका, ही गोष्ट मला खुपते. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशाबाईंचा आवाज असलेलं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ त्यातलंच. वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) हाही आवर्जून पाहण्यासारखा. भूत माडाच्या बनात आहे की मनात, हा प्रश्न तो कितीतरी वेळ सुटू देत नाही आणि आशा काळे यांचे भ्यालेले डोळे विसरता येत नाहीत.

परदेशी चित्रपटांपैकी तीनच सांगते. ‘कॅट पीपल’मध्ये (1942) रात्री रस्त्यावरून चाललेल्या बाईच्या मागे येणारी पावलं एकदम थांबतात, एवढंच, पण पुढच्या क्षणी खुर्चीतून उडायला होतं. रॉबर्ट वाइजच्या ‘द हाँटिंग’मध्ये (1963) भूत शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त दारावर धक्के बसतात आणि दाराचं लाकूड आत फुगतं. आणि ‘द इनोसंट्स’ (1961), माझा सगळ्यांत लाडका. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी रुंद पडद्याच्या कडा काळवंडाव्यात म्हणून भिंगासमोरच्या काचा हाताने रंगवल्या होत्या. त्यामुळे कोपऱ्यात काहीतरी आहे असं सतत वाटत राहतं. तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यांत भर दिवसा एक बाई नुसती उभी असते, त्या दृश्याची आठवण मला रंकाळ्यावरून जाताना आजही होते.

नव्याने पाहणाऱ्यांना एवढंच सांगेन की रंगीत केलेल्या आवृत्त्या टाळा आणि फिकट, कापलेली प्रत मोबाइलवर पाहू नका. काळा रंग पांढुरका झाला की या चित्रपटांचा जीवच जातो. स्वच्छ प्रत शोधा, दिवे मालवा, आवाज बरा येईल असं बघा आणि पहिली वीस मिनिटं धीर धरा. आषाढात पन्हाळ्याला मुक्कामाला जाणाऱ्यांनी तर ‘मधुमती’ लॅपटॉपमध्ये घेऊनच जावं.

आपल्याकडे कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आहे, चित्रपट समजून पाहणारा प्रेक्षक आहे. श्रावणातल्या दर शनिवारी रात्री एक, असे यातले चार चित्रपट शाहू स्मारक भवनात मोठ्या पडद्यावर, पूर्ण गाण्यांसह दाखवावेत, अशी सोसायटीला आपल्या दैनिकामार्फत विनंती करते. सुरुवात ‘पाठलाग’ने व्हावी. आणि पुरवणीत त्याच आठवड्यात त्या-त्या चित्रपटावर कोणा जाणकाराकडून लिहून घ्यावं. पण शेवट फोडू नये, एवढी ताकीद त्यांना जरूर द्यावी.

आपली,
एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर