रोबो आवडतो, तर त्याचे डोकेही समजून घ्या

महोदय,

पडद्यावरच्या रोबोंवर मुलांचा जीव जडतो, यात वावगे काहीच नाही. कुतूहल तिथूनच जागे होते. पण त्यांना १९६६ सालच्या ‘एलायझा’ची गोष्टही सांगायला हवी. जोसेफ वायझेनबाम यांचा हा संगणक प्रोग्रॅम समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारी. अर्थ त्याला मुळीच कळत नसे. तरी माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली आणि खुद्द वायझेनबाम अस्वस्थ झाले! आजचे चॅटबॉट प्रचंड मजकुरावरून शिकतात, पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधतात. ते कितीतरी सरस आहेत, तरीही ठामपणे चुकीचे सांगू शकतात. मुलांना रोबोंचे सिनेमे जरूर दाखवा, पण यंत्र शिकते कसे हेही शाळेतच शिकवा. मुलांना ते नक्की झेपेल.

– एक वाचक