आयर्लंडच्या वादळाला हरिकेन म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘ब्रिटन-आयर्लंडवर हरिकेन धडकणार’ हा मथळा आपल्या संकेतस्थळावर वाचला आणि राहवलं नाही. माझी लेक आणि जावई आयर्लंडमधल्या कॉर्कला राहतात. दर हिवाळ्यात अशी एखादी बातमी कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकतं, आणि इथे साताऱ्यात माझ्या ८४ वर्षांच्या सासूबाई रात्रभर जाग्या राहतात. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून लिहिते.

हरिकेन म्हणजे आपल्याकडचं चक्रीवादळच, अटलांटिकमध्ये त्याला हे नाव आहे. त्याला साडेसव्वीस अंशांच्या आसपास तापलेला समुद्र लागतो. पाण्याची वाफ वर जाऊन गार होते आणि तिचं पुन्हा पाणी होतं, त्यातून सुटलेल्या उष्णतेवर ते पोसतं. ऑक्टोबरात आयर्लंडभोवतीचं पाणी १५ अंशांच्या जवळपास असतं. तिथली वादळं गार आणि उबदार हवेच्या टकरीतून उठतात. शाळेत आम्ही त्यांना समशीतोष्ण आवर्त म्हणायचो.

२०१७ चं ‘ओफिलिया’ घ्या. १४ ऑक्टोबरला अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ ते पाच श्रेणींपैकी तिसऱ्या श्रेणीचं हरिकेन झालं. अटलांटिकच्या इतक्या पूर्वेला एवढं जोरदार हरिकेन त्याआधी कधी नोंदलं गेलं नव्हतं. ही खरी मोठी बातमी होती! पण १६ तारखेला आयर्लंडला पोचण्याआधीच गार पाण्यावर त्याचं रूप पालटून ते समशीतोष्ण आवर्त झालं होतं. मथळ्यांत मात्र ‘हरिकेन’ तसंच राहिलं, आणि सोबत ताशी १९१ किलोमीटरचा आकडा. तो आकडा खोटा नव्हता. पण तो फास्टनेट या भर समुद्रातल्या खडकावरच्या दीपगृहातला, उंचावर मोजलेला, वाऱ्याच्या एका क्षणिक झोताचा होता. हरिकेनची ताशी ११९ किलोमीटरची मर्यादा सलग वाहणाऱ्या वाऱ्याची असते. झोताचा आकडा तिच्याशी ताडून पाहिला की डोंगरमाथ्यावरची प्रत्येक वावटळ हरिकेन ठरेल.

गोंधळाचं आणखी एक कारण आहे. वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापनात शेवटच्या, १२ व्या पायरीचं नावच ‘हरिकेन फोर्स’ आहे. ते फक्त वाऱ्याचा जोर सांगतं, वादळाची जात नाही. बातमी लिहिणाऱ्याला तो शब्द इशाऱ्यात दिसतो आणि मथळा तयार होतो.

ही वादळं किरकोळ असतात असं मी मुळीच म्हणत नाही. ओफिलियाने आयर्लंडमध्ये तीन जीव घेतले, तिन्ही झाडांपायी. दोघांच्या गाड्यांवर झाडं पडली, तिसरा पडलेलं झाड यंत्राच्या करवतीने कापताना गेला. ऑक्टोबरात झाडांवर अजून पानं असतात, वारा त्यांत भरतो आणि झाड मुळासकट उपटतं. १९८७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये एका रात्रीच्या वादळात सुमारे दीड कोटी झाडं आडवी झाली आणि १८ माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये ‘एओविन’ वादळाने आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेस हेडला ताशी १८३ किलोमीटरच्या आसपासचा झोत नोंदवला आणि १९४५ चा आयर्लंडचा विक्रम मोडला. ही दोन्ही वादळं हरिकेन नव्हती.

मग नावाने काय बिघडतं? ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं, तेव्हा आपण सगळे एकच विचारत होतो, केंद्र कुठे धडकणार? श्रीवर्धनची दैना झाली, मुंबई बरीचशी बचावली. चक्रीवादळाचा सर्वांत भयंकर वारा केंद्राभोवतीच असतो, म्हणून तो प्रश्न बरोबर होता. समशीतोष्ण वादळाचा पसारा कितीतरी मोठा. त्याचा जीवघेणा वारा केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूरही असू शकतो. सासूबाईंनी मला तेच, वादळाच्या डोळ्याबद्दल म्हणजे केंद्राबद्दल, विचारलं, “डोळा कॉर्कवरून जातोय का गं?” डोळा लांबून जाणार म्हणून निर्धास्त झालेला माणूस तिथे झाडाखाली सापडतो.

म्हणून कळकळीची विनंती आहे. आकडा छापताना तो झोताचा की सलग वाऱ्याचा, आणि कुठे मोजलेला, हे लिहा. ‘मेट एरन’ या तिथल्या हवामान खात्याचा इशारा कोणत्या रंगाचा आहे आणि कोणत्या परगण्यांना आहे, हे मथळ्याच्या लगेच खाली द्या. ओफिलियाच्या वेळी त्यांनी अख्ख्या देशाला लाल इशारा दिला होता, शाळा बंद ठेवल्या गेल्या. माझी लेक त्या दिवशी घरातून बाहेर पडली नाही, ती तो इशारा वाचून.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा