बाबा, तुमच्या प्रश्नाचं नीट उत्तर

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही दर फोनला विचारता "चर्चला जातेस ना गं?" आणि मी हो म्हणते आणि विषय संपतो. जाते, दर रविवारी जाते. पण खरं सांगू का, उपदेश ऐकून आल्यावर सोमवारी काय केलंस असं विचारत जा. मग मला जरा विचार करून बोलावं लागेल.

सध्या बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान वाचतेय, सावकाश. येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यात ५व्या अध्यायापासून ७व्यापर्यंत आहे आणि शेवटी येशूच्या दाखल्यातली ती दोन घरं येतात, खडकावरचं आणि वाळूवरचं. आपण धरूनच चालतो की वाळूवालं घर म्हणजे देवाला न मानणाऱ्याचं. पण नीट वाचा, येशूचं वचन दोघांनीही ऐकलंय! पाऊस, पूर, वारा सगळं दोघांना सारखंच, फक्त एकाने ऐकलं तसं केलं आणि दुसऱ्याने नाही केलं. म्हणजे तो वाळूवाला आपल्यातलाच, पुढच्या बाकावर बसणारा सुद्धा असू शकतो. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब तर अजून सरळ बोलतो, उघड्या-उपाशी माणसाला नुसतं ऊब घे, पोटभर जेव म्हणून वाटेला लावलं तर काय उपयोग. हल्ली हेच आपण व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी टाकून करतो.

आणि देवाचं ऐकायचं पण माणसांचं नाही असं बहुतेक चालतच नाही. यरीहोचा तो बार्तीमय आठवा ना, आंधळा, रस्त्याकडेला बसून ओरडतोय, लोक गप्प बस म्हणतायत, आणि येशू थांबून त्याला विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू? आता आंधळ्याला काय हवं असणार हे कुणीही सांगेल, तरी विचारतो आणि त्याच्या तोंडून ऐकून घेतो. आपण मात्र समोरच्याचं बोलणं संपायच्या आत वचन सांगून मोकळे. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र ७ दिवस ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते, तोवर सगळं छान होतं, तोंड उघडलं आणि घोळ झाला :)

आई, हे तुला बरोबर जमतं. मागे ऑफिसमधल्या मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा मी तुझ्यासारखंच केलं, बायबल पिशवीतच राहू दिलं. ती मोबाईलवर त्यांचे जुने व्हॉइस मेसेज लावत होती, पोचलीस का, उशीर होणारे का, असे साधेच, तेच तेच परत परत, आणि मी ऐकत बसले. निघताना तीच म्हणाली, प्रार्थना करतेस का?

बरं आता मुद्द्याचं, बाबा रागावू नका. त्याच ५व्या अध्यायात आहे, वेदीपाशी अर्पण आणलंय आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. चूक कोणाची ते लिहिलेलंच नाहीये हो तिथे. काकांशी तुम्ही बोलत नाही, त्या जमिनीच्या कागदांपासून. तुम्ही बरोबर असाल, मला तर तुम्हीच बरोबर वाटता. पण ते आजारी आहेत, रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेत आपण त्यांचं नाव घेतो आणि फोन मात्र करत नाही, हे मला फार खटकतं.

त्यांचा नंबर बदललाय, आईला पाठवलाय. मी आले की सोबत जाऊ, नाहीतर तुम्ही आधीच फोन करा. लगेच हो म्हणायची गरज नाही, मत्तय २१ मधला तो पहिला मुलगा पण बापाला तोंडावर नाही म्हणाला आणि मग गेलाच की द्राक्षमळ्यात, हो म्हणून घरी बसणाऱ्यापेक्षा तोच बरा निघाला.

आई, तुझी डोळ्यांची तपासणी राहिलीय, ती या आठवड्यात उरकून घे.

तुमची लेक